थायलंड, व्हिएतनाम, बाली, श्रीलंका : कुठे काय पाळावं लागतं? (नागपूरहून गट निघतो आहे)

सदर_नागपूर

नमस्कार मंडळी,

मार्च २०२६ मध्ये आमच्या कॉलनीतला गट निघून राहिला आहे. नागपूर-मुंबई-बँकॉक, तिथून हनोई, मग बाली आणि परतताना श्रीलंका. सध्याच्या आखणीत १६ मार्चला बालीत पोचायचं आणि १९ ला संध्याकाळी कोलंबोसाठी निघायचं. पाडवा तिकडेच होईल.

गटात निम्मी मंडळी बौद्ध आहेत, २२ प्रतिज्ञा मनापासून पाळणारी. बाकीचे घरी सत्यनारायण घालणारे. ज्येष्ठ आहेत, कॉलेजची पोरं आहेत, एका घरातलं दोन वर्षांचं लेकरू आहे. टूरवाल्यानं दिलेल्या कागदावर 'स्थानिक चालीरीतींचा आदर करा' एवढंच लिहिलं आहे, त्यातून काहीच कळत नाही. म्हणून नेमकं विचारतो:

१. कुठली गोष्ट कायद्यात अडकवते, कुठली लोकांना लागते आणि कुठली नुसती समजूत आहे?
२. दोन मुलांच्या दंडावर बुद्धाचा टॅटू आहे. अडचण येईल का?
३. बालीच्या देवळांबाहेर पाळीबद्दल पाट्या असतात म्हणे. बायकांनी काय करायचं?
४. थायलंडमध्ये जागोजागी भुताखेतांची घरटी असतात. आमच्यातल्या बौद्ध मंडळींनी तिथे हात जोडावेत का? यावरून आत्ताच वाद सुरू झाला आहे.
५. भंतेजींना द्यायला संत्रा बर्फी नेतो आहोत. चालते ना?

वडाची_पारंबी

भाऊ, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी १९ मार्चचं तिकीट बदला. त्या दिवशी बालीचा विमानतळ बंद असतो.

१९ मार्च २०२६ ला न्येपी आहे, बालीचं नवीन वर्ष. तिकडेही शकच चालतो. आपला शके १९४८ ज्या दिवशी सुरू होतो त्याच दिवशी त्यांचाही होतो आहे. दर वर्षी असं जुळत नाही. २०२३ मध्ये दोन्ही सण २२ मार्चला आले होते, पण २०२४ मध्ये न्येपी ११ मार्चला आणि पाडवा ९ एप्रिलला होता, कारण अधिक महिना धरायची त्यांची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे कालनिर्णय पाहून बालीचं बुकिंग करू नका.

न्येपी सकाळी ६ ला सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला संपते. या २४ तासांत विस्तव-दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ, बंदरं, दुकानं, एटीएम, समुद्रकिनारे, सगळं बंद. २०१८ पासून मोबाइल इंटरनेटसुद्धा बंद ठेवतात. समजूत अशी की आदल्या रात्री ढोल-गोंगाट करून, ओगोह-ओगोह नावाचे अक्राळविक्राळ पुतळे मिरवून भुतांना जागं करायचं आणि दुसऱ्या दिवशी बेट इतकं चिडीचूप ठेवायचं की इथे कोणी राहतच नाही असं वाटून ती निघून जातील. हे पर्यटकांनाही लागू आहे. पेचालांग म्हणजे गावचे राखणदार, काळ्या कपड्यांवर चौकड्याचं वस्त्र गुंडाळलेले. ते रस्त्यावर दिसलेल्या माणसाला परत हॉटेलात पाठवतात. जिवावर बेतलेला आजार आणि बाळंतपण यांनाच सूट.

आता करायचं काय? एक तर १८ ला दुपारच्या आत बाली सोडा. संध्याकाळचं विमान धरू नका, मिरवणुकांसाठी रस्ते बंद होतात. नाही तर राहा आणि २० ला सकाळनंतरचं तिकीट घ्या. माझं मत विचाराल तर राहा. पुतळ्यांची मिरवणूक पाहायला मिळेल आणि रात्री बेटावर दिवे नसल्यामुळे जे आकाश दिसतं ते एरवी दिसत नाही. फक्त स्वयंपाकघर असलेलं हॉटेल घ्या. व्हिला घेतलात तर त्या दिवशी नोकर येत नाहीत. ज्येष्ठांच्या गोळ्या, इन्सुलिन, लेकराचं दूध आणि खाणं १८ ला दुपारपर्यंत खोलीत आणून ठेवा. रात्री पडदे ओढून मंद दिवा लावायला बहुतेक हॉटेलं परवानगी देतात. गुढी खोलीच्या आत उभारा. बाल्कनीत काठी, उदबत्ती, समई नको.

देवळांबद्दल. लुंगीसारखं वस्त्र आणि कमरेला पट्टा दोन्ही लागतं, बायकांना आणि पुरुषांनाही. फुल पँट घातली आहे म्हणून पट्टा चुकत नाही. मोठ्या देवळांत दारावर मिळतो. फुटपाथवर, दुकानाच्या पायरीवर, गाडीच्या बॉनेटवरसुद्धा नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं, तांदूळ, कधी बिस्कीट ठेवलेलं असतं. त्याला चानांग म्हणतात. उदबत्ती जळत असेल तर ओलांडूही नका, वळसा घाला. विझली असेल तर चुकून पाय लागला म्हणून कोणी अंगावर येत नाही, पण मुद्दाम सरकवू नका. कुत्री आणि माकडं त्यातलं खातात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. झाडाला काळ्या-पांढऱ्या चौकड्याचं कापड गुंडाळलेलं दिसलं की त्या झाडावर चढू नका, टेकू नका, आडोशाला जाऊ नका.

तीर्ता एम्पुल या पवित्र झऱ्याच्या देवळातल्या कुंडात उतरायचं असेल तर तिथलं वेगळं वस्त्र भाड्यानं घ्यावं लागतं. डावीकडून सुरुवात करून एकेका झोताखाली डोकं धरत उजवीकडे जायचं. पहिल्या कुंडातले दोन झोत मृतांच्या विधीसाठी राखलेले आहेत, ते सोडायचे. घाईघाईत फोटो काढणारे नेमके तिथेच उभे राहतात आणि मागची बालीनीज बाई कळवळून हाका मारते. कुठले दोन, ते पाण्यात उतरण्याआधी विचारून घ्या.

पाळीचं. पाट्या खऱ्या आहेत, अनेक भाषांत आहेत. नियम फक्त बायकांना नाही. घरात नुकताच मृत्यू झालेल्यांनाही, म्हणजे आपल्याकडच्या सुतकातल्या माणसांना, आत बंदी आहे. तपासत कोणी नाही. उलुवातू आणि ताना लोट या समुद्रकाठच्या देवळांत बाहेरचं आवार, कडा, समुद्र सगळ्यांना मोकळं आहे, आणि केचक या बालीच्या समूहनृत्याचा मंच देवळाच्या गाभाऱ्यापासून वेगळा आहे. त्यामुळे बाहेर थांबणारीचं फारसं काही चुकत नाही. गाइडला आधी सांगून ठेवा की कोण आत येतं, कोण नाही, हे दारावर मोठ्यानं विचारायचं नाही.

मध्यमा

थायलंडचं मी लिहिते. प्रश्न १ चा क्रम चांगला आहे, त्याच क्रमानं.

कायदा: राजघराण्याबद्दल अवमानकारक बोलणं किंवा लिहिणं हा कलम ११२ खाली गुन्हा आहे, एकेका आरोपाला ३ ते १५ वर्षं. नोटेवर, नाण्यावर राजाचा चेहरा असतो, म्हणून घरंगळणारं नाणं पायानं अडवायचं नाही. ही सवय आपल्या हाडात असते, पोरांना आधीच सांगा. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

लोकांना लागतं ते: डोकं आणि पाय. अनोळखी लेकराच्या डोक्यावरून कौतुकानं हात फिरवू नका. विहारात बुद्धमूर्तीकडे तळवे येतील असं बसायचं नाही. वज्रासनात किंवा दोन्ही पाय एका बाजूला मागे दुमडून बसतात. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी कडेला उभं राहावं, चालतं. भिंतीला टेकून पाय लांब केले की मात्र पहारेकरी येऊन हलवतो. उंबरठ्यावर पाय न देता ओलांडून आत जायचं. ग्रँड पॅलेसला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, फाटकी जीन्स चालत नाही, आणि पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात फोटो काढायला मनाई आहे.

भिक्खूंचं नीट समजून घ्या, कारण नागपुरात आपण भंतेजींशी बरेच मोकळे वागतो. थायलंडमध्ये बाईनं भिक्खूला स्पर्श करायचा नाही आणि वस्तूही थेट हातात द्यायची नाही. ते समोर एक कापड पसरतात, त्यावर ठेवायची. कापड नसेल तर गटातल्या पुरुषाकरवी द्या. फोटोत खांद्याला खांदा लावून उभं राहू नका. गर्दीच्या लोकलमध्ये भिक्खूंच्या राखीव जागेशेजारीही बसू नका. धक्का लागला तर त्रास त्यांना होतो, त्यांचा नियम मोडतो.

संत्रा बर्फी चालते. दुपारी १२ च्या आत द्या, त्यानंतर ते घन पदार्थ घेत नाहीत. सकाळी रस्त्यावर भिक्षापात्रात द्यायची तर चपला काढून, एकेकाचं छोटं पाकीट करून. मोठा बॉक्स पात्रात मावत नाही. पात्रात नोटा टाकू नका.

समजूत म्हणून सोडून द्या अशा गोष्टी: खांबावरची ती छोटी घरं. इमारत बांधताना त्या जमिनीतल्या आत्म्याची जागा गेली, म्हणून त्याला वेगळं घर द्यायचं, अशी कल्पना. म्हणून ते मोठ्या घराची सावली पडणार नाही अशा जागी उभारतात. समोर लाल सरबताची बाटली स्ट्रॉ लावून ठेवलेली असते. ती उचलू नका, कट्ट्यावर बॅग ठेवू नका. एवढं पुरे, नमस्काराची अपेक्षा कोणीच करत नाही.

बँकॉकमधल्या एरावानच्या चौकातली मूर्ती चतुर्मुख ब्रह्माची आहे, १९५६ सालची. चारही मुखांना घड्याळाच्या दिशेनं फिरत उदबत्ती आणि झेंडूचा हार वाहतात. नवस पूर्ण झाला की लोक तिथल्या नर्तकींना पैसे देऊन नाच करवतात. म्हणूनच तिथे गमतीनं नवस बोलू नका. न फेडलेला नवस उलटतो असं लोक खरोखर मानतात आणि शेजारी उभा असलेला माणूस तेच मनात धरून आलेला असतो. हारवाल्याला किंमत आधी विचारा.

एक कळकळीनं सांगते: देवळाबाहेर पिंजऱ्यातले पक्षी किंवा पिशवीतले मासे 'पुण्यासाठी सोडा' म्हणून विकतात, ते घेऊ नका. त्यासाठीच ते पकडलेले असतात आणि पुष्कळदा पुन्हा पकडले जातात. बरेचसे मरतात.

खाण्याच्या पाकिटावर २५६९ साल दिसलं तर ५४३ वजा करा, २०२६ येईल. पुष्कळदा फक्त ६९ छापलेलं असतं. लेकराचं दूध घेताना गोंधळ नको.

सदर_नागपूर

बाप्पा, १९ तारखेचं टूरवाल्यानं बोललंच नव्हतं! आत्ताच त्याच्याशी बोललो, २० ला दुपारचं विमान करून राहिला आहे. धन्यवाद वडाची_पारंबी.

ब्रह्माच्या मूर्तीवरून आमच्याकडे वाद अजून पेटला. एक काका म्हणतात, 'थायलंडचे बौद्ध हात जोडतात, मग आपण का नाही?' दुसरे म्हणतात, 'मी तिकडे फिरकणारही नाही.' टॅटूचं राहिलं आहे.

निळा_पिंपळ

दुसऱ्या काकांशी मी सहमत आहे, पण फिरकायला हरकत नाही. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि उपासना न करण्याची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती ज्यांनी घेतली त्यांनी समजून-उमजून घेतली, ती थायलंडला जाऊन सैल करायची गरज नाही. थायी माणूस त्याच्या परंपरेनं वागतो, त्यात बुद्ध, ब्रह्मा, जमिनीचा आत्मा सगळे एकत्र नांदतात. आपण टोपी काढावी, आवाज खाली ठेवावा, वाहणाऱ्यांच्या रांगेत आडवं येऊ नये. तिथे जाऊन 'हे अंधश्रद्धा आहे' असं भाषणही देऊ नये. आपण पाहुणे म्हणून गेलो आहोत. विहारात मात्र त्रिवार पंचांग प्रणाम खुशाल करा, पद्धत आपलीच आहे.

पाळीच्या पाटीबद्दलही बोलतो. ही बंदी मला पटत नाही, आणि पटत नसेल त्या बाईनं आत न जाता बाहेरून पाहण्याचा निर्णय स्वतः घ्यावा. गटप्रमुखानं तिच्या वतीनं ठरवू नये.

टॅटू. थायलंडमध्ये दंडावरच्या बुद्धाकडे लोक नाराजीनं पाहतात, कमरेखाली असेल तर जास्त. पण श्रीलंका हे खरं अडचणीचं ठिकाण आहे. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या एका ब्रिटिश महिलेला कोलंबो विमानतळावर अटक करून परत पाठवलं होतं. २०१२ मध्ये बुद्धमूर्तीचं चुंबन घेतल्याचे फोटो काढणाऱ्या तीन फ्रेंच पर्यटकांना गॉल इथल्या न्यायालयानं सहा महिन्यांची शिक्षा सुनावून ती स्थगित ठेवली. तुमच्या पोरांचा भाव श्रद्धेचा आहे, पण कपाळावर तो लिहिलेला नसतो. तेव्हा कोपराखाली येणारा पूर्ण बाहीचा शर्ट, जाड कापडाचा, विमानात बसण्याआधीच घालायचा. पांढरा पातळ शर्ट घामानं चिकटला की खालची रेघ न् रेघ दिसते. बीचवर आणि हॉटेलच्या पोहण्याच्या तलावातही झाकून ठेवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घेतलेले बुद्धाच्या चित्राचे टी-शर्ट आणि झोळ्या नागपुरातच ठेवून जा. निळा दुपट्टा किंवा बाबासाहेबांचं चित्र असलेला बॅज चालेल.

श्रीलंकेत मूर्तीकडे पाठ करून सेल्फी घेणं हेच सगळ्यात जास्त वेळा घडतं. फोटो मूर्तीचा काढा, स्वतःचा नको. चपला आणि टोपी बाहेर. अनुराधपुरात दुपारी फरशी इतकी तापते की ज्येष्ठांच्या पायाला फोड येतात. मोजे बहुतेक ठिकाणी चालतात, जाड जोड न्या आणि सकाळी ९ च्या आत पोचा. वाहायला घेतलेल्या फुलांचा वास घ्यायचा नाही. शक्यतो पांढरे कपडे.

पौर्णिमेला तिथे पोयाची सुट्टी असते, दारू आणि मांस विकत नाहीत. तुमच्या तारखा होळीच्या पौर्णिमेनंतरच्या आहेत, त्यामुळे फरक पडणार नाही.

हनोई_गल्ली

व्हिएतनामचं थोडक्यात. तिथे कायद्याचं फार नाही, बोहनीचं मात्र फार आहे.

सकाळचं पहिलं गिऱ्हाईक दिवसभराचा धंदा ठरवतं, ही तिथल्या बाजारातली पक्की समजूत. म्हणून डोंग शुआन बाजारात सकाळी सकाळी जाऊन भाव विचारला, घासाघीस केली आणि न घेता निघालात, तर विक्रेती कागदाचा तुकडा पेटवून दुकानासमोर ओवाळते. अपशकुन जाळायची ती रीत आहे. भांडायला उभे राहू नका. नुसतं पाहायचं असेल तर दहा-साडेदहानंतर जा. सकाळीच गेलात आणि वस्तू हवी असेल तर भाव पटण्यासारखा असतानाच विचारा आणि घ्या. पहिल्या गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा भावही बरा मिळतो, कारण बोहनी चुकवायची नसते.

जेवताना काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत, ते मृताच्या भातावरच्या उदबत्तीसारखं दिसतं. हे जपान, कोरिया, चीन सगळीकडे लागू. पोरं काडीनं वाटी वाजवतात, तेही थांबवा; भुकेले आत्मे येतात असं मानतात. जपानला कधी गेलात तर एका काडीनं दुसऱ्याच्या काडीत घास देऊ नका, दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

चांद्रमासाच्या १ आणि १५ तारखेला फुटपाथवर पत्र्याच्या डब्यात कागदी नोटा जाळतात. अंत्ययात्रेच्या वाटेवरही खोट्या नोटा उधळतात. पोरांनी डॉलर समजून उचलू नयेत, बाजूनं जावं.

तिघांचा फोटो बरेच जण टाळतात, मधल्याचं वाईट होतं म्हणून. हॉटेलातली आजी चौथं माणूस ओढून आणेल, येऊ द्या. तुमच्या लेकराला कोणी 'किती कुरूप' म्हटलं तर रागावू नका, दृष्ट लागू नये म्हणून तसं म्हणतात. त्यांच्या बाळाला 'किती गुटगुटीत!' म्हणून तुम्हीही सुरुवात करू नका.

हनोईतल्या साहित्य मंदिरात (कन्फ्यूशियसचं जुनं मंदिर) दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत. परीक्षेआधी विद्यार्थी कासवांची डोकी चोळायचे, दगड झिजला, म्हणून आता कठडा आहे. कॉलेजच्या पोरांना मोह होईल.

आणि एक नियमच आहे, समजूत नाही: हो ची मिन्ह यांच्या समाधीत हाफ पँट, फोटो, बोलणं, खिशात हात, काहीच चालत नाही. फक्त सकाळी उघडी असते, सोमवार-शुक्रवार बंद.

सदर_नागपूर

खूप उपयोगाचं आहे हे. छापून सगळ्यांना वाटतो. शेवटचं एक: बँकॉकहून विहारासाठी बुद्धमूर्ती आणायची आहे, फूटभर उंचीची. आणता येते का?

मध्यमा

येते, पण परवान्याशिवाय नाही. थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर न्यायला तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. गळ्यातल्या छोट्या ताईतांबद्दल कोणी विचारत नाही, फूटभर मूर्तीबद्दल विचारतात. परवान्याला मूर्तीचे फोटो आणि पासपोर्टची प्रत लागते आणि काही दिवस जातात, म्हणून मूर्ती बँकॉकच्या शेवटच्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी घ्या. हे काम करून देणारं दुकान निवडा. 'कोणी बघत नाही' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. जुनी मूर्ती म्हणून विकत असेल तर सोडूनच द्या, पुराणवस्तूचा प्रश्न येतो.

तुमचा पुढचा प्रवास लांबचा आहे, हनोई, बाली, कोलंबो. कुठल्याही विमानतळावर बॅग उघडली जाऊ शकते. सुटकेसमध्ये चपलांखाली किंवा कपड्यांच्या तळाशी मूर्ती सापडली तर कोलंबोत ते चांगलं दिसणार नाही. लाकडी पेटीत, कापडात गुंडाळून, वरच्या बाजूला ठेवा आणि परवाना व पावती हातातल्या बॅगेत. जमत असेल तर दुकानातूनच थेट नागपूरला कुरिअर करा, परवान्याची प्रत सोबत लावून.